वरमाईचं नाक

नाशिकात लग्न ठरलं की पूर्वी आधी हॉल धरायचे. आता आधी तोंड धरतात. हॉल काय, गंगापूर रोडला पावलोपावली आहेत. तोंड मात्र देवाने एकच दिलेलं, आणि ते फोटोत कसं येईल याची हमी न देता. त्यामुळे नवरी, नवरीची आई, करवल्या, मावश्या अशा सगळ्याजणींना तारखेच्या आत आपापले ओठ, गाल आणि हनुवट्या जागेवर आणून हव्या असतात. अशा बायकांचं एक हक्काचं ठिकाण होतं, ते म्हणजे छायाचं निसर्गोपचार केंद्र.

बाहेर पाटी निसर्गोपचाराची आणि आत सुई, हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर छाया उगाच लबाड वाटेल. ती लबाड नव्हती. निसर्गोपचाराचं शिक्षण तिने कॉलेजात बसून रीतसर घेतलं होतं. मातीपट्टी, वाफ, कटिस्नान, उपास यांवर तिचा जीव होता आणि हाताला गुणही होता. पण उपास करा म्हणून सांगणाऱ्याकडे माणसं फार दिवस येत नाहीत. मातीपट्टीला येणाऱ्या बायकांनीच एक दिवस विचारायला सुरुवात केली, "ताई, ते ओठांचं तुमच्याकडे नाही का होत?" छाया नाही म्हणाली. मग पुन्हा कुणीतरी विचारलं. मग ती पुण्याला एका हॉटेलातल्या शिबिरात जाऊन ते शिकून आली. शिबिर शनिवारी सुरू झालं आणि रविवारी संपलं.

सुईतून जे चेहऱ्यात भरतात त्याला सगळे जेल म्हणतात. छाया त्याला 'गर' म्हणायची. जेल म्हटलं की दवाखाना आठवतो, गर म्हटलं की कोरफड आठवते. बायकांना तो शब्द फार आवडला. कुणी विचारलंच, "कोरफडीचा का?" तर छाया हसायची, आणि त्या हसण्याचा अर्थ बायका हो असा घ्यायच्या. महेश, तिचा नवरा, थट्टा करायचा, "जेल भरता भरता एक दिवस जेलात जाशील बघ." तेव्हा दोघंही हसायची.

मग नियम आला. निसर्गोपचार करणाऱ्यांनी औषधाची सुई हातात धरायची नाही. चेहऱ्यात भरायची तर अजिबातच नाही. त्याआधी सरकारी माणसांनी दोन्हीकडच्या लोकांना, म्हणजे डॉक्टरांना आणि निसर्गोपचारवाल्यांना, एका सभागृहात बोलावून घेतलं होतं. कॉलेज रोडच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. वेदिका गायधनी तिथे उठून म्हणाल्या, "सुई आत घालायला कुणीही शिकेल. आत घोटाळा झाला तर तो निस्तरायला कोण शिकलंय?" छाया ताडकन उठली आणि म्हणाली, "निस्तरण्याची वेळ तुमच्याकडे येत असेल मॅडम, आमच्याकडे नाही येत." टाळ्या पडल्या. छाया खूश होऊन घरी आली, पण रात्री जेवताना तिला तो प्रश्नच पुन्हा पुन्हा आठवत होता. कारण प्रश्न खरा होता आणि उत्तर नुसतंच खणखणीत होतं.

नियम लागू झाला तसं तिने सगळं बंद केलं. उरलंसुरलं सामान टाकून दिलं. बायका रुसल्या, काही तावातावाने बोलल्या, पण छायाला आतून हलकं वाटलं. आता माती, वाफ आणि काढे. सोनारानेच कान टोचावेत, हे तिला पटलं होतं. पटायला सरकार लागलं, एवढंच.

आणि नेमक्या त्याच सुमारास तिच्या नणंदेच्या मुलाचं, साईचं लग्न चांदवडच्या मुलीशी ठरलं.

प्रतिभाताई म्हणजे महेशची थोरली बहीण. माहेर घोटीचं, सासर मखमलाबादचं. सासरी आधी भाजीचे मळे होते, आता भाजी मुंबईला पोचवणाऱ्या गाड्या होत्या आणि गंगापूर रोडला एक इमारत होती. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर छायाचं केंद्र होतं आणि त्याच गाड्यांचं कामकाज महेश बघायचा. म्हणजे घरची चूल दोघांच्या मिळकतीवर पेटत होती आणि काडी प्रतिभाताईंच्या हातात होती. बाई मनाने वाईट नव्हत्या. पण आपल्या शब्दाला 'नाही' असंही एक उत्तर असतं, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं.

त्या केंद्रात आल्या, मातीपट्टीच्या बाकावर पाय सोडून बसल्या आणि पिशवीतून सासूबाईंची नथ काढली. मोत्यांची, टपोरी, जुन्या घडणीची. ती नाकात घालून त्यांनी छायाकडे तोंड केलं.

"बघ. दिसतंय का काय?"

दिसत होतं. लहानपणी घोटीला भाताच्या गाडीवरून पडून त्यांचं नाक मधोमध बसलं होतं. नथ सरळ राहायचीच नाही. ती कलंडून ओठावर यायची.

"माझ्या लग्नात विहिणींनी मला ऐकवलं व्हतं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," प्रतिभाताई म्हणाल्या. "सगळा मांडव हसला. मी पण हसले. नवरी होते ना, रडायचं कसं? आता मी वरमाय हाय छाया. चांदवडची माणसं माझ्या नाकाकडं बघून हसली नाय पाहिजेत."

छायाला त्यांची खरोखर कणव आली. ती म्हणाली, "वन्सं, मी सोडलं ते आता. नियमच आलाय. कॉलेज रोडला चांगल्या डॉक्टर आहेत, मी सोबत येते."

"तिकडं? तिकडं बाहेर पाटी काय, तर कॉस्मेटिक. आत गेलं की नाव विचारतात, कागद करतात. उद्या विहिणीला कळलं की वरमाईनं नाक करून घेतलं, मग?" त्यांनी भोवताली हात फिरवला. "तुझ्याकडं आले तर मातीपट्टीला आले. कोण इचारतंय?"

आजवर छायाला वाटायचं, ती पाटी आपण आपल्यासाठी लावली. आता कळलं, त्या पाटीच्या आड अर्ध्या नाशिकच्या बायका उभ्या होत्या, आणि त्या तिला पाटीआडून बाहेर पडू देणार नव्हत्या.

"नाही जमायचं वन्सं."

"बरं," प्रतिभाताई उठल्या. नथ पिशवीत ठेवली. "ह्यांना कुणीतरी जागा मागत व्हतं. दाताचा डॉक्टर हाय म्हणं. मी म्हणलं, आपली छाया हाय तिथं. मी काय बोलत नाय कुणाला काय."

या 'मी काय बोलत नाय' मध्ये सगळं बोलून झालं होतं. रात्री महेशने उरलेलं सांगितलं. "एकदाच करून टाक ना. ताईचं नाक म्हणजे घरचंच नाक. बाहेर कुणाला कळतंय?"

"आणि काही झालं तर?"

"आजवर झालंय का?"

झालं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आतापर्यंतचं सगळं निभावलं होतं आणि त्याच निभावण्याचं दावं आता तिच्या गळ्यात होतं. करावं तर कायदा मोडतो, न करावं तर घर मोडतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर नवरा उभा राहून म्हणतोय, लवकर कर. छायाला त्या रात्री महेशचा भयंकर राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला, कारण ती त्याला 'नाही' म्हणाली नाही.

ओळखीचा माल देणारा माणूस नियमानंतर फोन उचलेनासा झाला होता. एका पार्लरवालीने दुसऱ्याच कुणाकडून तयार सिरिंज आणून दिली. पाकिटावरची अक्षरं ना इंग्रजी, ना देवनागरी. छायाने ते उलटंसुलटं करून बघितलं. पार्लरवाली म्हणाली, "जेलच आहे ताई, सगळ्या हेच वापरतात." आणि छायाने ते ठेवून घेतलं. हे तिने का केलं, याला थकवा याखेरीज दुसरं कारण नाही. अडकलेलं माणूस दार शोधता शोधता दमतं, आणि मग समोरची भिंतच दार आहे असं मानायला लागतं.

शनिवारी सकाळी तिने ते प्रतिभाताईंच्या नाकात भरलं. हात नेहमीसारखा स्थिर होता. बसलेलं नाक हळूहळू वर आलं. प्रतिभाताईंनी आरसा हातात घेतला, नथ लावून बघितली. मोती सरळ उभे राहिले. एवढी पल्लेदार आवाजाची बाई, पण तिचे डोळे भरून आले. "आई असायला पायजे व्हती," एवढंच म्हणाल्या. छायालाही क्षणभर वाटलं, उगाच घाबरलो आपण.

"थोडं ठणकेल," छाया म्हणाली. "जास्त वाटलं तर मला फोन करा."

फोन आला नाही. संध्याकाळी छायानेच केला, तर पलीकडून हसण्याचे आवाज, भांड्यांचे आवाज. "ठणकतंय थोडं. तू नको काळजी करू," प्रतिभाताई म्हणाल्या आणि कुणाला तरी हाका मारत त्यांनी फोन ठेवला.

रविवारी मखमलाबादच्या बंगल्यावर हळद फोडायचा कार्यक्रम होता. अंगणात उखळ, मुसळांना आंब्याची पानं बांधलेली, बायकांचा गोतावळा. वरमाईने पहिलं मुसळ धरल्याशिवाय हळद फुटत नाही, आणि वरमाय कुठेच दिसत नव्हती.

"प्रतिभाताई कुठायत?" छायाने विचारलं.

"आतल्या खोलीत," एक जाऊबाई म्हणाल्या. "कालपासून तुमचा निसर्गोपचार चालू हाय त्यांचा. लय शिस्तीनं करतात हो."

छाया तडक आत गेली. प्रतिभाताई पलंगावर उताण्या पडल्या होत्या आणि कपाळापासून ओठापर्यंत मातीचा जाड थर होता. उशाशी फ्रिजमधून काढलेलं मातीचं घमेलं, बाहेरून दव सुटलेलं.

"हे काय वन्सं?"

"अगं, रात्री लय ठणकायला लागलं. झोप नाय. मग मला तुझं आठवलं." डोळे मिटूनच त्या सांगत होत्या आणि आवाजात शहाण्या विद्यार्थिनीचा अभिमान होता. "तू सांगतीस ना, दुखायला लागलं की घाबरायचं नाय, अंगातलं विष बाहेर पडतंय. गार माती ठेवायची आणि सोसायचं. मी बघ, एक गोळी घेतली नाय. सुकली माती की नवी लावते."

हे छायाचंच वाक्य होतं. इतक्या वर्षांत तिने ते कितीजणींना सांगितलं असेल. उपासात डोकं दुखलं, वाफेनंतर अंगावर पुरळ आलं, की ती हेच सांगायची, आणि तिथे ते बरोबरही असायचं. पण भरलेल्या जेलने रक्ताची वाट आत बंद झाली असेल तर तिथे गार माती म्हणजे आगीवर तेल. आणि प्रतिभाताई रात्रभर, विश्वासाने, ते तेल ओतत होत्या.

तिने कोमट पाण्याने माती धुतली. खाली नाक होतं, पण नाकाचा रंग नव्हता. शेंडा राखेसारखा पांढरा, त्याच्या बाजूने निळसर जांभळी जाळी गालापर्यंत उतरलेली. छायाने बोटाने दाबून बघितलं. दाबलेली जागा तशीच राहिली, रक्त परत आलं नाही.

"डोळ्याला अंधुक दिसतंय का?"

"नाय. का गं?"

महेश दारात येऊन उभा राहिला होता. त्याने बघितलं आणि तो पांढरा पडला. छायाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "गरम पाण्याने शेक. संध्याकाळपर्यंत बघू. आता डॉक्टरकडे नेलंस तर तुझं सगळं संपेल. ताईचंही नाव होईल. अंगणात चांदवडची माणसं बसलीत."

आणि खरं सांगायचं तर छायाने तसा विचार केला. शेकावं, देवाचं नाव घ्यावं, कदाचित उतरेल. तो विचार तिच्या मनात चांगला ऐसपैस बसला होता. बाहेर बायकांनी गाणं सुरू केलं होतं. मग प्रतिभाताईंनी पुन्हा घमेल्याकडे हात नेला आणि आपल्या हाताने मातीचा नवा गोळा उचलला. छायाने तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला.

"उठा. आपण जातोय."

"आत्ता? हळद फुटायची हाय!"

"फोडतील दुसऱ्या कुणी."

डॉ. वेदिका गायधनींचा दवाखाना रविवारी बंद असतो, पण घर वरतीच. त्या खाली आल्या. छायाला त्यांनी ओळखलं. दिवा ओढून प्रतिभाताईंच्या तोंडावर आणला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कुणी टोचलंय हे?"

"टोचलं नाय कुणी," प्रतिभाताई म्हणाल्या. "नथ रुतली. जड हाय ना."

"नथीने असं होत नाही."

"मग... मुंबईला एका पार्लरात केलं थोडं. नाव नाय ठाऊक. ही माझी भावजय, सोबत आलीय नुसती."

आणि त्यांनी छायाकडे बघितलं. त्या नजरेत वेदना होती, पण त्याहून स्पष्ट एक उपकार होता. मी तुला वाचवलं, असं ती नजर म्हणत होती. छायाला एका क्षणात पुढची सगळी वर्षं दिसली. केंद्र राहील, पाटी राहील. उद्या प्रतिभाताईंच्या मैत्रिणी येतील, मग साईची बायको येईल, आणि कुणालाही नाही म्हणता येणार नाही, कारण एकदा वाचवलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. आताही बाहेर पडायला एकच दार होतं, आणि ते तोंड उघडलं तरच उघडणार होतं.

"मुंबईला म्हणजे केव्हा?" डॉक्टर विचारत होत्या. "आठवडा झाला असेल तर माझ्या हातात फार काही नाही. काल-परवाचं असेल तर धावपळ करता येईल. केव्हा, कुठे, किती आणि काय? नीट सांगा."

"काल सकाळी," छाया म्हणाली. "मी टोचलं. माझ्या केंद्रात."

"छाया!" प्रतिभाताई ओरडल्या.

"शेंड्यात आणि मधे. सिरिंज सगळी रिकामी केली. रात्रभर वर गार माती होती."

कपाटातून बाटली काढता काढता डॉक्टरांनी विचारलं, "काय होतं सिरिंजमध्ये?"

"जेल म्हणून दिलं होतं."

"कोणतं? विरघळणारं की न विरघळणारं?"

"माहीत नाही. पाकिटावरचं मला वाचता आलं नाही."

"वाचता आलं नाही आणि टोचलंत?"

"हो."

प्रतिभाताई हळूच म्हणाल्या, "पण तो तर गर हाय ना? कोरफडीचा?"

छायाला आजवर वाटायचं, बायका त्या शब्दाला नुसत्या भुलतात, मनातून त्यांना सगळं कळत असतं. निदान प्रतिभाताईंना तरी. एवढी व्यवहारी बाई. त्यांना काही कळलेलं नव्हतं. नणंदेने भावजयीच्या शब्दावर नाक पुढे केलं होतं.

"मी गर म्हणायचे, वन्सं," छाया म्हणाली. "तो गर नव्हता. कधीच नव्हता."

डॉक्टरांनी जेल विरघळवणारं औषध नाकाच्या भोवती जागोजागी टोचलं. प्रतिभाताई एकदाही कण्हल्या नाहीत. गालावरची जाळी सावकाश फिकट व्हायला लागली, मधल्या भागावर गुलाबी झाक आली. शेंडा तसाच राहिला.

"म्हणजे विरघळणारंच होतं. नशीब," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीचं वाचेल. शेंड्याचं काही सांगता येत नाही, तिथे खपली धरेल, कदाचित खड्डा राहील." मग छायाकडे वळल्या. "मला हे वर कळवावं लागेल. तुमचं नाव घालून."

"घाला."

"तोवर रिकाम्या उभ्या राहू नका. कोमट पट्टी नाकावर ठेवायची, दर थोड्या वेळाने हलकं चोळायचं. हे तुम्हाला येतं."

हे छायाला येत होतं. ती स्टुलावर बसली, पाणी मनगटावर घेऊन बघितलं, कापड पिळलं आणि नाकावर ठेवलं. उद्या काय होईल ते तिला माहीत होतं. केंद्र जाईल, महेशशी भांडण होईल, माहेरी बोभाटा होईल. तरी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला श्वास पुरा घेता येत होता, आणि त्याची तिला लाजही वाटत होती, कारण तो श्वास तिने ज्या नाकाच्या जिवावर घेतला ते तिच्या हाताखाली होतं.

प्रतिभाताईंचे डोळे मिटलेले होते. औषधाने त्यांना ग्लानी आली असावी असं छायाला वाटलं. ती बोटांनी हलकेच चोळत राहिली.

"कुणाचा हात हाय?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"माझा, वन्सं."

प्रतिभाताईंनी हात वर करून छायाचं मनगट धरलं, आणि अगदी सावकाश, न रागावता, ते आपल्या तोंडावरून बाजूला केलं.

"मॅडम," त्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "कुणी सिस्टर असली तर तिला बोलवा."